वरच्या ओळीतले दोर

२ डिसेंबर

आज जीव जायची वेळ आली होती. सकाळी अकराला होडीतून शिंपल्यांचं बी आलं, नखाएवढे पिल्लू-शिंपले. खडकांवरून ताजं खरवडलेलं, चांगली सात पोती. आणि ते दोराला गुंडाळायला सुती कापडच नाही! दुकानदार म्हणतो, "टीचर, गाडी मंगळूरला अडकलीय, उद्या येईल." उद्या? बी काय उद्यापर्यंत वाट बघत बसणार? दिवस मावळायच्या आत गुंडाळून, शिवून, दोर पाण्यात सोडले नाहीत तर सकाळी पोत्यांतून नुसती घाण येते.

चौदा बायका किनाऱ्यावर बसलेल्या, मांडीवर दोर, हातात सुया, आणि सगळ्या माझ्याकडे बघतायत. आमच्या महिला बचत गटाची अध्यक्ष मी. अंगणवाडीत तीस वर्षं काढली, पण चौदा बायकांचं असं बघणं चाळीस पोरांच्या रडण्यापेक्षा वाईट.

मग सुचलं. ऑक्टोबरात आरोग्य शिबिरातून फुकटच्या मच्छरदाण्या आल्या होत्या. घरोघर वाटायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. वर सूचनांचा कागद होता, तोही प्रत्येक दारात उभं राहून मीच वाचला. निवृत्त झाले तरी गावाची टीचर मीच. पण या उकाड्यात मच्छरदाणीत झोपतंय कोण? अर्ध्या परत माझ्याच पडवीत येऊन पडल्या, नव्याकोऱ्या. पळत जाऊन आणल्या आणि कातरीने पट्टे काढले. ही जाळी सुती कापडासारखी पाण्यात कुजणार नाही, हे लक्षात आलं होतं माझ्या. म्हणून शिवण कच्च्या सुती धाग्याची घालायला लावली. धागा कुजला की जाळी आपोआप उघडेल, तोवर शिंपल्यांनी दोर धरलेला असेल. रुग्मिणी म्हणाली, "टीचरचं डोकं म्हणजे डोकं!"

नबीसा तेवढी अडून बसली. "माझे हात चुरचुरतात या जाळीने," म्हणे. घरून नवऱ्याचं नेसायचं जुनं सुती मुंडू आणलं, फाडलं, आणि तिचे दोन दोर त्यातच गुंडाळले. या बाईला प्रत्येक गोष्टीत काहीतरी खुपतंच. डोळे माझेही झोंबत होते, पण दिवसभर उन्हात बसल्यावर झोंबणारच की.

दिवे लागायच्या आत तीस दोर वरच्या ओळीत बांबूच्या मांडवाला लटकले. बी वाचलं. देवा, वाचलं!

३ डिसेंबर

कापड आलं. शहाण्यासारखं एक दिवस आधी येतं तर! आज होडीने आणखी ताजं बी आलं, त्याचे चाळीस दोर सुती कापडात शिवून खालच्या ओळीत लावले, खाडीच्या तोंडाकडे. वरची ओळ अंबुएट्टनच्या शेताच्या बांधाला लागूनच येते. एट्टन बांधावर उभा राहून ओरडला, "कार्त्यायनी, माझ्या काकडीच्या वेलांना तुझ्या शिंपल्यांचा वास लागेल हं!" मी म्हटलं, "लागू दे, तेवढीच चव येईल त्यांना." सख्खा मोठा भाऊ, पण चेष्टेत लहान पोराच्या वरताण.

१९ डिसेंबर

माझं गणित बरोबर निघालं. धागा कुजला, जाळ्या उघडल्या आणि दोरांभोवती परकरासारख्या लोंबतायत. काढायला गेलं तर शिंपले सुटतील, म्हणून राहू दिल्या.

दर वर्षी दोराबरोबर बारीक खेकडे आणि झिंगे वर येतात, बोटांना चावे घेतात. यंदा वरच्या ओळीत एकही नाही. स्वच्छ दोर. नबीसाच्या दोन दोरांवर मात्र ही वळवळ! मी म्हटलं, "बघ, जुन्या मुंडूचे गुण." ती काही बोलली नाही. तिचं न बोलणंही टोमण्यासारखं असतं.

८ जानेवारी

सागरी संशोधन केंद्रातून एक मुलगी आलीय, शेरिन. कोट्टयमकडची. माशाच्या कालवणात ती लोकं काय काय घालतात ते ऐकूनच माझे दात आंबले. पण पोरगी कामाची आहे. प्रत्येक दोराला पत्र्याचा नंबर बांधला, ओळींमधून थोडे थोडे शिंपले उघडले, आतला मांसाचा कण धूर निघणाऱ्या थंडगार डब्यात टाकला.

मी विचारलं, "एवढ्याशात काय दिसणार तुला?"

"टीचर, शिंपल्यात जनुकं असतात. ती सगळी एकदम काम करत नाहीत. गरज लागेल ती जागी होतात, बाकीची गप्प राहतात. पाण्यात विष आलं की ते निस्तरणारी जागी होतात. वरून शिंपला छान दिसतो, पण आत कोण जागं आहे ते मोजलं की खरं कळतं. शेतांवरची औषधं खाडीत येतात का, ते बघायचंय मला."

"म्हणजे पोरगं शाळेत हसत येतं, पण डबा उघडला की घरी काय झालंय ते कळतं, तसं."

ती हसली आणि म्हणाली, हे मी भाषणात वापरीन. पाण्याचा खारटपणा आणि ऊन रोज लिहायला तिने मला एक वही दिलीय. ती वेगळी. ही माझी, हिच्यात कुणी डोकवायचं नाही.

२६ जानेवारी

वरच्या ओळीतले शिंपले गळतायत. हात लावला की मूठभर खाली. दोर धरायचे त्यांचे केसासारखे धागे असतात ना, ते असे लेचेपेचे की बोटाने तुटतात. खालची ओळ ठणठणीत आहे. बायकांना म्हटलं, थंडीमुळे. जानेवारीत इथे कसली डोंबलाची थंडी! एप्रिलमध्ये काढणी, तोवर यातलं अर्धंही राहिलं नाही तर चौदाजणींना तोंड कसं दाखवू? सगळ्यांची वर्षाची कमाई या दोरांना लटकलीय, आणि त्यांना या कामात ओढलं मीच.

१४ फेब्रुवारी

शेरिनचा फोन आला. खालच्या ओळीतले शिंपले शांत, पण वरच्या ओळीतल्यांची विष निस्तरणारी जनुकं नेहमीच्या कितीतरी पट जागी. "कीटकनाशकासारखं काहीतरी असावं, टीचर. पण कुठून येतंय ते जनुकं सांगत नाहीत. काहीतरी आहे, एवढंच सांगतात. मला अजून तपासू द्या."

अजून काय तपासायचंय? वरच्या ओळीच्या वर आहे काय? बांध. बांधापलीकडे काय? एट्टनचा काकडीचा मळा. विषूच्या सणाला पहाटे देवापुढे मांडतात त्या कणीसाठी गावभर ज्या सोनेरी काकड्या जातात ना, त्यांच्यावर तो आठवड्याला फवारतो. मी या डोळ्यांनी बघितलंय.

आपलेच दात, आपलेच ओठ. काय करू?

१८ फेब्रुवारी

केलं.

वाचनालयाच्या अंगणात गटाची बैठक होती. एट्टन तिथेच पेपर वाचत बसला होता. सकाळी त्याच्या बांधावर औषधाची रिकामी बाटली मिळाली होती, ती मी सगळ्यांसमोर टेबलावर ठेवली. म्हटलं, "हे बघा, आपले शिंपले कशाने मरतायत ते." रुग्मिणी ओरडली, "अंबुएट्टन, चौदा घरांच्या तोंडचा घास काढलात तुम्ही!" मग सगळ्याच बोलायला लागल्या. एक नबीसा तेवढी बाटली निरखत बसली.

एट्टन उठला. मला वाटलं, आता भांडेल. त्याने बाटली उचलली, उलटसुलट करून बघितली आणि म्हणाला, "आजपासून थेंबही फवारणार नाही." चप्पल घालायलाही विसरला. तसाच निघून गेला.

मी चुकीचं काही केलं नाही. टीचरने भाऊ-बहीण बघायचं नसतं.

५ मार्च

त्याने खरंच फवारणी सोडली. काकड्यांना माशीने डंख मारले, अर्ध्या पिवळ्या पडायच्या आधीच आतून सडल्या. येता-जाता मान खाली घालून जातो, माझ्याशी शब्द नाही. एवढी घमेंड! चूक याची, आणि रुसून हाच बसलाय.

माधवीएडत्ती मात्र रोज कुंपणाशी येऊन विचारतात, "दोर कसे आहेत गं आता? गळायचे थांबले का?" वहिनी म्हणून मी नीट उत्तर देते, पण आतून चिडचिड होते. कशाला हव्यात चौकशा? आमचं वाटोळं किती झालं ते मोजायला?

१६ मार्च

फवारणी थांबून महिना होत आला, गळणं थांबत नाही. रुग्मिणी म्हणते, तो लपूनछपून फवारत असणार. मी म्हटलं, शक्य आहे. एट्टन हल्ली संध्याकाळी बांधावर एकटाच बसलेला दिसतो, आमच्या दोरांकडे तोंड करून. बघत बसलाय मजा.

शेरिन आली होती. या वेळी ओळीतून नाही, एकेका दोरातून वेगळे शिंपले घेतले. नबीसाने तिला अरिकडुक्का खाऊ घातला. तांदळाचं सारण भरायला चांगले टपोरे शिंपले कुठले घेतले म्हणून विचारलं, तर म्हणे, "माझ्याच दोन दोरांचे." तिचे दोर भरलेत खरे. नशीब एकेकीचं.

२७ मार्च

शेरिनचा फोन आला. तिचं बोलणं जसंच्या तसं लिहिते.

"टीचर, वरच्या ओळीतल्या अठ्ठावीस दोरांत सगळं जागं आहे. पण अकरा आणि बारा नंबर शांत. अगदी खालच्या ओळीसारखे. तेच पाणी, तीच ओळ, शेजारचे दहा आणि तेरा पेटलेले. पाण्यातून विष येत असतं तर मधल्या या दोघांनाच कसं सोडलं असतं? या दोन दोरांत काय वेगळं आहे?"

अकरा आणि बारा. नबीसाचे.

फोन कानाला होता आणि माझ्या डोळ्यांसमोर तो सूचनांचा कागद. चौथी सूचना. "जाळीला कीटकनाशक लावलेले आहे. मच्छरदाणी नदी, तळे अथवा खाडीत धुवू नये. मासे व पाण्यातील जीव मरतात." मीच वाचली होती. ठणकावून, एकेक शब्द सुटा करून. बासष्ट दारांत.

"टीचर? ऐकताय ना?"

"काही वेगळं नाही," मी म्हणाले.

२८ मार्च

जेवण गेलं नाही. कुणाला सांगू? काय म्हणून सांगू? खाडीत धुवू नका म्हणून गावाला शिकवलं, आणि आपण मात्र चार महिने तीच जाळी खाडीत लटकवून ठेवली. तीस वर्षं ज्यांच्या पोरांना अक्षरं शिकवली, त्या बायका माझ्या तोंडावर हसतील. हसल्या तरी परवडलं. रडल्या तर?

आणि एट्टन. नको, आज नको.

२९ मार्च

सकाळी एकटीच होडी घेऊन गेले. म्हटलं, कुणाला न सांगता जाळ्या काढून टाकू, शिंपले सावरतील आणि विषय संपेल. तीन दोर जेमतेम झाले. शिंपल्यांचे धागे जाळीत गुंतलेत, एकेक सोडवावा लागतो, नाहीतर झुपकाच्या झुपका तुटून तळाला जातो. एका माणसाचं काम नाही. एकीने दोर धरायचा, दुसरीने कातर चालवायची, तिसरीने खाली टोपली धरायची.

रुग्मिणीने किनाऱ्यावरून हाक मारली, "टीचर, एकट्याच काय करताय?" मी म्हटलं, "साफसफाई." म्हणाली, "केवढं करता हो तुम्ही आमच्यासाठी!"

पाण्यात पडून जीव द्यावासा वाटला. पाणी कमरेएवढंच होतं.

१ एप्रिल

एट्टनने आज सगळे वेल उपटले. कोवळ्या, चांगल्या काकड्या लागलेले, पंधरा दिवसांत विषूला तोडणीला आले असते असेही. मुळासकट उपटून बांधावर ढीग घातला. पाण्याचा पंपही बंद करून टाकला.

रागानेच केलं असणार. गावाला दाखवायचं असेल, बहिणीने कसं देशोधडीला लावलं ते. तसंही पीक सडलेलंच होतं म्हणा. आज ना उद्या त्याने उपटलेच असते. उपटलेच असते ना?

मी खिडकी लावून घेतली.

५ एप्रिल

शेरिनचा निरोप आलाय, अहवाल लिहायला घेते, काही आठवलं तर सांगा. आज आणखी दोन दोर जवळजवळ रिकामे झाले. सांगितलं तर जाळ्या निघतील, उरलेले निम्मे तरी वाचतील. नाही सांगितलं तर माझं नाव वाचेल. इतकं सरळ आहे, आणि तरी मी गप्प आहे. चाळीस पोरांना खरं बोलायला शिकवणारी बाई मी.

८ एप्रिल

एडत्ती कुंपणाशी आल्या. रोजचाच प्रश्न. मी फटकन म्हटलं, "कशाला विचारता हो रोज? गळतायत, गळतायत! झालं समाधान?"

त्यांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, "अगं, मी कुठे विचारते? हे विचारायला लावतात. रोज बांधावर बसून मोजतात, किती कवचं तळाला दिसतात ते. धड जेवत नाहीत. माझ्या हाताने बहिणीच्या ताटात विष घातलं, एवढंच म्हणतात. वेलसुद्धा का उपटले? पाणी दिलं की मातीतलं औषध झिरपून तुमच्या दोरांकडे जातं, म्हणून. मी म्हटलं, विषू होईपर्यंत थांबा. ऐकलं नाही."

मी तशीच एट्टनकडे गेले. तो उघड्या शेतात पालथ्या घमेल्यावर बसला होता. मला बघून उठला आणि मान खाली घातली. ती घमेंड नव्हती. दीड महिना मी तिला घमेंड समजत होते.

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. मच्छरदाण्या, चौथी सूचना, नबीसाचे दोर. "तू काही केलं नाहीस, एट्टन. मीच केलं."

तो खाली बसला. दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि रडायला लागला. अडुसष्ट वर्षांचा माणूस, मोकळा होऊन रडत होता. "माझ्यामुळे नाही," एवढंच दोन-तीनदा म्हणाला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं, संपलं, सुटले मी.

मग त्याने तोंड पुसलं आणि विचारलं, "कधी कळलं तुला?"

खोटं बोलता आलं असतं. जिभेवर आलंही होतं, आज सकाळीच म्हणून.

"बारा दिवस झाले."

त्याने शेताकडे बघितलं. मग बांधावरच्या त्या वाळलेल्या ढिगाकडे. त्याला हिशोब करायला वेळ लागला नाही.

"म्हणजे मी वेल उपटत होतो, तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"तुझ्या खिडकीतून दिसत होतं."

"हो, एट्टन."

त्याने माझा हात पाठीवरून काढला. रागाने नाही, सावकाश. म्हणाला, "बाटली सगळ्यांसमोर ठेवलीस ना? आता हेही सगळ्यांसमोर सांग. उद्याच सांग, उरलेत ते तरी सोडव." आणि घरात गेला. एडत्ती चहा घेऊन बाहेर आल्या होत्या. त्याने घेतला नाही. मी घ्यावा की नाही, मला कळेना.

९ एप्रिल

वाचनालयाच्या अंगणात सांगितलं. बसून नाही, उभं राहून. ते बारा दिवससुद्धा सांगितले. त्याआधी सकाळीच शेरिनला फोन करून खरं काय ते लिहायला सांगितलं होतं.

कुणी हसलं नाही. रुग्मिणी डोक्याला हात लावून बसली. "अरे देवा, आणि मी अंबुएट्टनना काय काय बोलले! टीचर, तुम्ही बोलायला लावलंत मला!" खरं आहे. एक-दोघी रडल्या. एकजण उठून सरळ घरीच गेली.

नबीसाने डोक्यावरचा पदर कमरेला खोचला. "बोलायचं ते नंतर बोला. भरती यायला चार तास आहेत. घरोघरच्या कातऱ्या आणा."

चौदाजणी पाण्यात उतरलो, मला धरून. दोर धर, काप, टोपली खाली धर. काढलेली जाळी पोत्यात, पाण्यात एक धागाही पडू द्यायचा नाही. नबीसा चारही तास माझ्याच जोडीला होती. माझ्या हातातला दोर हलला की नीट करायची, पण एक शब्द बोलली नाही. हे न बोलणं टोमणा नव्हतं. टोमणा असता तर बरं झालं असतं.

एकवीस दोर झाले. निम्म्याहून कमी शिंपले उरलेत, ते धरतील की नाही हे शेरिनलाही सांगता येत नाही. बाकीचे उद्या.

मांडवावरून एट्टनचं शेत अगदी समोर दिसतं. एकेक दोर झाला की मी मान वर करून बांधाकडे बघत होते. तो आला नाही.